शेजारची जागा

हॅरी पॉटरच्या पहिल्या पुस्तकातला मला सर्वांत जवळचा वाटणारा प्रसंग आगगाडीच्या डब्यात घडतो. अकरा वर्षांचा एक पोरका मुलगा खिडकीशी एकटा बसला आहे. मावशीच्या घरी जिन्याखालच्या कोठडीत झोपणारा, मावसभावाचे ढगळ जुने कपडे अंगावर वागवणारा. डब्याचं दार सरकतं आणि लाल केसांचा एक मुलगा, रॉन, विचारतो, समोरची जागा रिकामी आहे का? बाकीचे डबे भरलेले असतात. थोड्या वेळानं खाऊची ढकलगाडी येते. रॉनजवळ आईनं बांधून दिलेली सँडविचेस आहेत. ती त्याला आवडत नाहीत, पण दुसरं काही घ्यायला खिशात पैसे नाहीत, म्हणून त्याचे कान लाल झाले आहेत. हॅरीच्या खिशात आज पहिल्यांदाच पैसे आहेत. तो गाडीवरचं सगळं थोडं थोडं घेतो आणि दोघं मिळून खातात. आपल्याजवळ वाटण्यासारखं काही आहे आणि ते वाटून घ्यायला समोर कुणी बसलं आहे, हे त्या मुलाच्या आयुष्यात कधी घडलेलंच नव्हतं. जादूची शाळा अजून दूर आहे. पण कादंबरीला जे सांगायचं आहे ते माझ्या मते इथंच सांगून होतं.

हे पुस्तक मूळ इंग्रजीत १९९७ साली आलं आणि पुढे ‘हॅरी पॉटर आणि परीस’ या नावानं मराठीत उतरलं. माझी भाची तेरा वर्षांची आहे. भावाची साताऱ्याहून सांगलीला बदली झाली तेव्हा तिची शाळा सुटली, आणि शाळेबरोबर पहिलीपासूनच्या मैत्रिणी सुटल्या. विश्रामबागेतल्या नव्या घरी मी तिला भेटायला गेले तेव्हा पलंगावर पालथी पडून ती हेच पुस्तक पुन्हा वाचत होती. यात तुला काय आवडतं, असं मी विचारलं. उडत्या झाडूबद्दल, अदृश्य करणाऱ्या झग्याबद्दल ती काहीतरी सांगेल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, “आत्या, हर्मायनी माझ्या वर्गात असती ना, तर मला मधल्या सुट्टीत डबा एकटीला खायला लागला नसता.”

हर्मायनीलाही आधी कुणी नव्हतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. सगळी उत्तरं येणारी, सारखा हात वर करणारी ही मुलगी वर्गाला नकोशी असते. हिला मैत्रीण कशी मिळणार, असं रॉन बोलून जातो, ते तिच्या कानावर पडतं आणि ती मुलींच्या स्वच्छतागृहात रडत बसते. त्याच संध्याकाळी तिथं एक राक्षस शिरतो. दोघं मुलगे तिला वाचवायला धावतात, आणि नंतर शिक्षिकेसमोर सगळा दोष ती स्वतःवर घेते. तिथून पुढे तिघं एकत्र. राक्षसाशी झालेली मारामारी दोन पानांत संपते. भाचीनं त्या पानांचा उल्लेखही केला नाही. हर्मायनी रडते ती जागा मात्र तिला तोंडपाठ होती.

तेरा-चौदा वर्षांचं वय फार अवघड असतं. अंग बदलतं, आवाज बदलतो, काल आवडणारी माणसं आज नकोशी होतात. आतमध्ये काहीतरी जोरात वाढत असतं आणि त्यावर आपला ताबा नसतो. अद्भुत कादंबऱ्यांतली जादू या वयाच्या मनाला लगेच पटते ती यामुळे. तीही अशीच आतून येते, भलत्या वेळी उसळते, सांभाळायला शिकावी लागते आणि घरच्यांना सांगता येत नाही. असं गुपित बाळगणाऱ्याला एका माणसाची गरज असते, ज्याला ते सांगितलं तरी तो पळून जाणार नाही. उर्सुला ले ग्विन यांच्या १९६८ सालच्या ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ या कादंबरीत हे फार खोलवर आलं आहे. तिथल्या जगात प्रत्येकाचं एक खरं नाव असतं आणि ते ज्याला कळलं त्याची त्या माणसावर सत्ता चालते. म्हणून ते कुणी कुणाला सांगत नाही. गेड हा बुद्धिमान, गर्विष्ठ मुलगा ईर्ष्येपोटी नको ती विद्या वापरतो. त्यातून एक काळी छाया मोकळी सुटते. तो जखमी होतो, बोलेनासा होतो, वर्गाच्या मागे पडतो. अशा वेळी वेच नावाचा मित्र शाळा सोडून जाताना त्याला स्वतःचं खरं नाव सांगतो. गेडनं काही मागितलेलं नसतं. जो सर्वांच्या नजरेतून उतरला आहे त्याच्या हातात मित्र आपला जीव ठेवून जातो. शेवटच्या प्रवासात समुद्राच्या टोकापर्यंत गेडच्या होडीत वेचच असतो. या प्रकारच्या पुस्तकांत जादू मुलाला जन्मानं किंवा नशिबानं मिळते. मैत्री मात्र ज्याची त्याला कमवावी लागते. वाचणाऱ्या मुलाला हा फरक कुणी समजावून द्यावा लागत नाही.

अद्भुताची ओढ आमच्या भागाला नवी नाही. मराठी रंगभूमीचा उगमच मुळी अद्भुतातून झाला, आणि तो सांगलीत झाला. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी विष्णुदास भावे यांनी सांगलीच्या चिंतामणराव पटवर्धनांसमोर ‘सीता स्वयंवर’चा प्रयोग केला. त्या नाटकांत गणपती अवतरत असे, मोरावरची सरस्वती येत असे, आणि आरडाओरडा करत राक्षस रंगणात उतरत. आपली सुरुवातीची कादंबरीही त्याच वाटेनं गेली. १८६१ सालची ‘मुक्तामाला’, १८६८ सालची ‘मंजुघोषा’, पुढे नाथमाधवांची ‘वीरधवल’. १९५२पासून मराठीत येऊ लागलेल्या ‘चांदोबा’च्या रंगीत पानांवर तर आमच्या दोन पिढ्या पोसल्या. साताऱ्याच्या घरी आमचा अंक आधी कुणाच्या हातात पडतो यावर रडारड व्हायची. विक्रमाच्या खांद्यावरचा वेताळ मला अजूनही डोळे मिटून दिसतो.

सांगली जिल्ह्याच्या वाटांवर तर ही अद्भुतकथा आजही जमिनीवर उभी आहे. वाळवा तालुक्यात मच्छिंद्रगड आहे. बत्तीस शिराळ्याची नागपंचमी लोक गोरक्षनाथांशी जोडतात. मालू कवीनं १८१९ साली रचलेला चाळीस अध्यायांचा ‘नवनाथ भक्तिसार’ कितीतरी घरांत श्रावणात वाचला जातो. आमची आजी तो वाचायची तेव्हा आम्ही भावंडं जेवण विसरून ऐकत असू. त्यात अस्त्रं आहेत, मंत्र आहेत, आकाशगमन आहे. सर्वांत सुंदर आहे ती स्त्रीराज्यात रमलेल्या मच्छिंद्रनाथांना परत आणायला निघालेल्या गोरक्षाची कथा. पुरुषाला प्रवेश नाही अशा राज्यात तो वेश पालटून कलावंतांच्या मेळ्यातून शिरतो आणि मृदंगाच्या बोलांतून गुरूला हाक घालतो. आपलं माणूस स्वतःला विसरलं असेल तर त्याला जागं करायला जायचं, हे मी त्या पोथीतून शिकले.

तरीही या सगळ्या कथांत एक गोष्ट सहसा सापडत नाही. वेताळाच्या पहिल्याच गोष्टीत राजपुत्राबरोबर प्रधानपुत्र आहे. राजकन्या कमळ कानाला लावते, दातांना लावते, पायाशी नेते, छातीशी धरते. राजपुत्राला त्यातलं काहीच कळत नाही. प्रधानपुत्र एकेका खुणेचा अर्थ लावून तिचं गाव आणि नाव सांगतो. हुशार मित्राची ही आपल्याकडची जुनी मूर्ती आहे, हर्मायनीची पूर्वजच म्हणा. पण शेवटी लग्न राजपुत्राचं होतं आणि प्रधानपुत्र प्रधानपुत्रच राहतो. गोरक्ष शिष्यच राहतो. कृष्ण सुदाम्याला मिठी मारतो, पण एक सिंहासनावरून उतरलेला असतो आणि दुसरा दारातून आत आलेला. आपल्या अद्भुतात प्रेम उदंड आहे, बरोबरीची मैत्री थोडी. उलट भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेकडे पाहावं. फुरसुंगीचा बनेश आणि त्याचा मित्र सुभाष यांच्यात कुणी वर नाही, कुणी खाली नाही. पण त्यांच्या जगात सायकल आहे, चोर आहेत, जादू नाही. आमच्या पिढीच्या वाट्याला बहुतेक करून जादू एका कपाटात आणि दोस्ती दुसऱ्या कपाटात अशी आली. नव्या कादंबऱ्यांनी दोन्ही एकत्र आणून मुलांच्या हातात दिली, म्हणून मुलं त्यांच्याकडे धावली.

या कादंबऱ्यांतल्या खलपुरुषांचं तत्त्वज्ञान कोणतं, हेही पाहण्यासारखं आहे. हॅरीच्या जगातले दुष्ट लोक रक्ताच्या शुद्धतेची भाषा बोलतात. ज्यांच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या जादूगार झाले तेच खरे, बाकीच्यांनी या शाळेत पाऊल ठेवू नये, असं त्यांचं म्हणणं आहे. हर्मायनीचे आईवडील साधे दंतवैद्य, म्हणून वर्गातला एक घरंदाज मुलगा तिला तिच्या रक्तावरून शिवी देतो. लंडनच्या मुलाला हे कल्पित वाटत असेल. साताऱ्याच्या मातीत हे वाचताना ते कल्पित राहत नाही.

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, भिवा रामजी आंबेडकर या मुलाचं नाव दाखल झालं. तो दिवस आता महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. हा मुलगा वर्गात सर्वांबरोबर बसू शकत नव्हता. घरून आणलेल्या गोणपाटावर कोपऱ्यात बसायचं आणि ते गोणपाट रोज घरी न्यायचं. तहान लागली तर शिपायानं वरून पाणी ओतावं, शिपाई नसेल तर तहानेलं राहावं. १९०१ साली हाच मुलगा भाऊ आणि भाच्यांबरोबर दूरगावी नोकरीला असलेल्या वडिलांकडे निघाला. साताऱ्याहून आगगाडीनं मसूर स्टेशन. या मुलांनी आगगाडी पूर्वी पाहिलेली नव्हती. अंगावर नवे सदरे, डोक्यावर झगमगत्या टोप्या, मनात सुट्टीचा आनंद. वडिलांना पत्र मिळालेलं नव्हतं, म्हणून घ्यायला कुणी आलं नाही. स्टेशनमास्तरनं चौकशी केली, जात कळली आणि त्याचा चेहरा बदलला. गाडीवाले बसवून घेईनात. अखेर एक जण दुप्पट भाड्यावर तयार झाला, तोही अशा अटीवर की बैल मुलांनी हाकायचे आणि आपण बाजूनं चालणार. सगळी रात्र प्यायला पाणी मिळालं नाही. शिदोरी भरलेली होती, पण पाण्यावाचून घास उतरेना, म्हणून मुलं उपाशी झोपली. बाबासाहेबांनी हे स्वतः लिहून ठेवलं आहे.

मसूरवरून रेल्वेनं जाताना मला दरवेळी तो डबा आठवतो, ज्यात एक मुलगा दुसऱ्याला बसायला जागा देतो आणि दोघं खाऊ वाटून खातात. शेजारी बसणं आणि बरोबर जेवणं ही किती दुर्मीळ, किती झगडून मिळवलेली गोष्ट आहे, हे आमच्या जिल्ह्याला विसरता येत नाही.

ती गोष्ट इथंच मिळवलीही गेली. कोल्हापूरला शिकत असताना कर्मवीर भाऊराव पाटील अस्पृश्य मुलांच्या वसतिगृहाच्या कार्यक्रमाला गेले. परतल्यावर शुद्धीसाठी आंघोळ करायला त्यांनी नकार दिला आणि त्यापायी त्यांना राहत्या वसतिगृहातून बाहेर पडावं लागलं. वसतिगृहातून काढलेल्या त्या मुलानं पुढे आयुष्यभर वसतिगृहं काढली. सांगली जिल्ह्यातल्या दुधगावात सर्व जातींच्या मुलांसाठी निघालेल्या आश्रमात त्यांचा हात होता. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन झाली. १९२४ साली साताऱ्यात बोर्डिंग सुरू झालं, आणि १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचं छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस असं नामकरण झालं. मराठा, महार, मांग, मुसलमान, जैन अशी सगळ्या घरची पोरं एका छपराखाली राहिली, आळीपाळीनं स्वयंपाक केला, शेतात राबली आणि एका पंगतीत जेवली. धान्य संपलं तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही दिलं. आईवेगळ्या, घरापासून दूर आलेल्या मुलांना भाकरी मिळाली ती त्यातून.

माझे अप्पा अशाच एका बोर्डिंगात शिकले. म्हसवडजवळच्या दुष्काळी खेड्यातून ते पत्र्याची पेटी घेऊन साताऱ्याला आले तेव्हा भाचीएवढेच होते. आम्ही लहान असताना ते बोर्डिंगच्या गोष्टी सांगायचे. गणिताच्या, परीक्षेच्या गोष्टी त्यांनी फारशा सांगितल्या नाहीत. पहिल्या रात्री घोंगडीखाली रडत असताना शेजारच्या मुलानं आपल्या गाठोड्यातला शेंगदाण्याचा लाडू कसा हातात ठेवला, हे मात्र आम्ही कितीदा तरी ऐकलं. तो मुलगा कोणत्या जातीचा हे अप्पांना कळलं तेव्हा दोघांची ताटं शेजारी लागून महिना झाला होता. गावाकडे ज्या घराच्या अंगणातही ते गेले नसते त्या घरचा मुलगा त्यांचा जन्माचा मित्र झाला. दर दिवाळीला ते काका आमच्याकडे फराळाला यायचे, आणि जेवताना दोघं शेजारीच बसायचे.

साताऱ्याहून वर घाटानं गेलं की पाचगणी लागते. धुक्यातल्या दगडी इमारती, गणवेशातली मुलं, मैदानावर वेगवेगळ्या हाउसच्या सामन्यांचा गलका. इंग्रजी बोर्डिंग शाळांच्या गोष्टी १८५७ सालच्या ‘टॉम ब्राउन्स स्कूलडेज’पासून चालत आल्या आणि हॅरीची शाळा हॉगवर्ट्स हे त्याच घराण्यातलं नाव. पाचगणीच्या शाळाही त्याच वळणावर घडलेल्या. पण हॉगवर्ट्समधली जी गोष्ट माझ्या भाचीच्या काळजाला भिडते ती मला साताऱ्यातल्या धनिणीच्या बागेतल्या शाहू बोर्डिंगच्या पंगतीच्या अधिक जवळची वाटते. पाचगणीच्या पुढे भिलार आहे. ४ मे २०१७ पासून ते पुस्तकांचं गाव झालं. वेल्समधल्या हे-ऑन-वायवरून सुचलेली ही कल्पना इथं स्ट्रॉबेरीच्या शेतांमध्ये रुजली. पंचवीस ठिकाणी, बहुतेक लोकांच्या राहत्या घरांत, पुस्तकं मांडली गेली. कुणीही यावं, ओसरीवर बसावं, वाचावं. गेल्या उन्हाळ्यात भाचीला घेऊन मी गेले. एका घरच्या काकूंनी तिला सतरंजी टाकून दिली, तांब्यात पाणी आणून ठेवलं आणि त्या कामाला लागल्या. परक्या घरात एका अनोळखी मुलीसाठी बसायला जागा आणि प्यायला पाणी. भाची वाचनात बुडून गेली होती. मी त्या तांब्याकडे बराच वेळ पाहत होते.

अशी पुस्तकं वाचून मुलं वास्तवापासून पळतात, असं म्हणणारे पालक मला भेटतात. त्यांची काळजी खरी आहे, म्हणून तिचं उत्तर नीट द्यायला हवं. पळून जाणाऱ्या मुलाला एकट्यानं मिळवायचा विजय हवा असतो. या पुस्तकांत तो मिळत नाही. पहिल्याच भागात परिसापर्यंत पोचायचं तर रॉनला बुद्धिबळाच्या पटावर स्वतःचा बळी द्यावा लागतो, हर्मायनीला काढ्यांचं कोडं सोडवावं लागतं, तेव्हा हॅरी एकटा पुढे जातो. वर्षअखेरीला चुरशीचे शेवटचे दहा गुण मिळतात ते नेव्हिल या भित्र्या, विसराळू मुलाला. त्यानं कुणा राक्षसाला हरवलेलं नसतं. तो आपल्याच मित्रांच्या वाटेत उभा राहून त्यांना अडवतो. शत्रूशी लढायला धैर्य लागतं, मित्राला नाही म्हणायलाही तितकंच लागतं, ही शिकवण तेराव्या वर्षी मिळणं म्हणजे वास्तवाशी ओळख होणंच आहे. मोबाइलवर शेकडो ओळखी असलेल्या मुलांना मैत्रीची किंमत काय पडते हे सांगणारी पुस्तकं हवीच आहेत.

मला हवं आहे ते याच्याही पुढचं. आमच्या मुलांना ही गोष्ट त्यांच्या भाषेत, त्यांच्या मुलखात घडलेली वाचायला मिळावी. आमच्याकडे अजिंक्यतारा आहे, जरंडेश्वर आहे, पावसाळ्यानंतर रंग बदलणारं कास आहे. सागरेश्वरची जुनी देवळं आणि माणसांनी उजाड डोंगरावर उभं केलेलं अभयारण्य आहे. कऱ्हाडला कृष्णा आणि कोयना समोरासमोरून येऊन मिळतात. नाथांच्या विद्या आहेत, वेताळ आहे, शिराळ्याचे नाग आहेत. एखाद्या लेखकानं किंवा लेखिकेनं या सगळ्यांत एक वसतिगृह उभं करावं. माणदेशातला धनगराचा मुलगा, मिरजेच्या तंतुवाद्यं बनवणाऱ्या घरातली मुलगी, ऊसतोडीच्या फडावरून आलेला कुणी आणि शहरातून बदलीनं आलेली कुणी अशी मंडळी तिथं आणावीत. त्यांना विद्या मिळाव्यात, संकटं यावीत, त्यांनी एकमेकांशी भांडावं आणि अबोला धरावा. आपल्या प्रधानपुत्राला एकदा तरी राजपुत्राच्या बरोबरीनं बसू द्यावं. बाबासाहेबांचा वर्ग आणि कर्मवीरांची पंगत ज्या जिल्ह्यानं पाहिली, तिथल्या लेखकाला ही कादंबरी परक्या देशातून उसनी आणावी लागणार नाही.

तोवर ही भाषांतरं मुलांच्या हातात राहू द्यावीत. भाचीच्या वर्गात जूनमध्ये फलटणहून एक नवी मुलगी आली. ती मागच्या बाकावर एकटीच बसते, असं भाचीनं मला फोनवर सांगितलं, आणि पुढे म्हणाली, “आत्या, मी उद्यापासून तिच्याजवळ बसणार आहे.” एखाद्या पुस्तकाकडून याहून मोठी अपेक्षा मी करणार नाही.